भिंतीला रंग मारला म्हणून छातीतली घरघर थांबत नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण १ मेची ग्रामसभा आठवड्यावर आलीय, शाकारणीचे दिवस चालू आहेत आणि मृग लागायला जेमतेम दीड महिना उरलाय. म्हणून आत्ताच लिहितोय. हेच जुलैत लिहिलं असतं तर सगळे "खरं आहे रे बाबा" म्हणाले असते, आणि ऊन पडल्यावर विसरून गेले असते.

विषय आहे घरातली बुरशी. हो, तीच. भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके, कपाटातल्या साड्यांवरची पांढरी भुकटी, गादी उचलली की येणारा तो कुबट वास. गणपतीपुळे, मालगुंड, भंडारपुळे, नेवरे, कुठल्याही वाडीत जा, श्रावणात हे नाही असं घर शोधून दाखवा. आणि कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "पावसात ह्ये असंच असतंय. काय नाय व्हत."

काय नाय व्हत? माझ्या घरात झालंय, म्हणून सांगतो.

माझी थोरली वहिनी. आषाढ लागला की खोकला सुरू, तो दसऱ्यापर्यंत. रात्री उशीला टेकून बसायची, आडवं झालं की छातीत घरघर. तीन पावसाळे असेच गेले. पहिल्या वर्षी "हवा मानवत नाही" म्हणून काढे. दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, फुप्फुसात डाग दिसले, थुंकीत काही सापडलं नाही तरी टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिने घेतली. पित्त, मळमळ, वजन सात किलोने उतरलं. खोकला तिथेच. वाडीत कुजबुज सुरू झाली ती वेगळीच. टीबी म्हटल्यावर बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गंमत बघा. मधे ती पंधरा दिवस पुतणीकडे पुण्याला गेली, तर खोकला निम्म्यावर आला. परत आली आणि पहिल्याच रात्री पुन्हा घरघर. तीच मला म्हणाली, "भावोजी, मला आजार नाय, मला हे घरच लागतंय." सगळे हसले. कुणी म्हणालं सासुरवास टाळायचा बहाणा आहे, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी बघून घ्या. शेवटी छातीच्या एका तज्ज्ञाने तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही झोपता त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे का?" घरी येऊन कपाट पुढे ओढलं. मागची पश्चिमेकडची अख्खी भिंत काळी. त्या भिंतीपासून हातभरावर तिची उशी.

रक्तातली अ‍ॅलर्जीची तपासणी झाली, बुरशीचीच अ‍ॅलर्जी निघाली, औषध बदललं. आज ती बरी आहे म्हणजे चालती-फिरती आहे. पण इन्हेलर कायमचा आणि फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला. तीन वर्षांत एकानेही तो एक प्रश्न विचारला नव्हता. माझं सगळं भांडण त्या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

आता "एका बाईला अ‍ॅलर्जी होती, त्यात काय" असं म्हणणाऱ्यांसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्याचा सारांश असा की ओल्या, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, संसर्ग आणि दम्याचा जोर जास्त. बुरशीची "एवढी चालेल" अशी सुरक्षित पातळी सांगता येत नाही, तेव्हा उपाय एकच, ओल टिकू द्यायची नाही. हे सांगून सतरा वर्षं होत आली.

बुरशीचे बीजकण डोळ्याला दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ज्याची प्रकृती त्याला चिडते त्याचं नाक गळतं, सायनस भरतात, दमा उसळतो. दमा असलेल्या काहींना एबीपीए नावाचा आजार होतो. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी श्वासनलिकेत ठाण मांडते, शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत फुप्फुस खराब होतं. आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये या आजाराचे जवळपास १४ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला. एक्स-रेवर याचे डाग टीबीसारखे दिसतात, म्हणून आपल्याकडे असे रुग्ण टीबीच्या गोळ्या खात राहतात. वैद्यकीय नियतकालिकांत हे वर्षानुवर्षं लिहून येतंय. माझ्या वहिनीचं झालं ते काही जगावेगळं नव्हतं.

दुसरा आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. नाव सोडा, अर्थ लक्षात ठेवा: श्वासातून रोज जाणाऱ्या बुरशीमुळे, पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीमुळे फुप्फुसाला सूज येते आणि पुढे ते चामड्यासारखं कडक होत जातं. फुप्फुस कडक होणाऱ्या रोगांची देशभरातल्या २७ केंद्रांत नोंद झाली. १,०८४ रुग्णांमध्ये सर्वात जास्त, ४७ टक्के, याच आजाराचे निघाले. त्यातल्या पुष्कळांच्या घरी हवेचे कूलर होते, म्हणजे ओलसर जाळ्या आणि साचलेलं पाणी. ही माणसं ना चिरेखाणीत होती ना गिरणीत. आपापल्या घरात श्वास घेत होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण घाबरवून विकणारेही बाजारात आहेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" म्हणून जो म्युकर आपण ऐकला, त्यात माणसांचे डोळे गेले, जबडे गेले. तो आणि भिंतीवरचे काळे ठिपके एकच नव्हेत. म्युकर झाला तो मुख्यतः मधुमेह, करोना आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्यांना. भिंत काळी दिसली म्हणून कुणी उद्या मरत नाही. रंगावरून बुरशी किती वाईट तेही कळत नाही, काळी असो की पांढरी, काढायचीच. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुने पाठवून हजारो रुपये घालवू नका. "शरीरातली बुरशी बाहेर काढणारा" कुठलाही काढा, कॅप्सूल, पॅकेज घेऊ नका. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर आधी थुंकी तपासाच. टीबी आपल्याकडे आहे, त्याचं निदान आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. माझं म्हणणं एवढंच की थुंकी कोरी निघाल्यावर पुढचा प्रश्न विचारा. तो विचारला जात नाही.

पुढचा आक्षेप मला पाठ आहे. "कोकणात पिढ्यान् पिढ्या ओल आहे. आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले."

जगले. पण कुठल्या घरात जगले? जांभ्या चिऱ्याची भिंत, वर कौलं, खाली उतरत गेलेली वळचण, भोवती पडवी. पावसाची झड पश्चिमेकडून येते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या अंगाला चुडतांचे झाप बांधायचे. भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, माजघरापर्यंत चुलीची ऊब जायची. त्या चुलीच्या धुराने आज्यांच्या छात्या गेल्या हेही खरं, मला ते दिवस परत नकोत. पण घर कोरडं कसं ठेवायचं याचा विचार त्यांनी केला होता.

आपण काय केलं? कौलं उतरवली, स्लॅब टाकला. पडवी काढून तिथे खोली केली, वळचण गेली, छज्जा उरला वीतभर. चिरा पाणी शोषतो हे माहीत असून त्याला सिमेंटचा गिलावा फासला, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद. जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो पैसे वाचवायला गाळला, मग जमिनीचं पाणी भिंतीतून कमरेपर्यंत चढतं. कुठे कुठे किनाऱ्यावरची खारी वाळू वापरली. मीठ हवेतली ओल ओढतं हे लोणच्याची बरणी बघणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे, इंजिनिअरला नाही. वर घट्ट सरकत्या खिडक्या, खोलीला लागून न्हाणीघर, आणि पावसात कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून दोऱ्या खोलीतच. जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी आपण कोरड्या मुलखातली घरं आणून ठेवली. मग चार वर्षांत स्लॅब गळतो आणि त्याच्यावर पत्र्याची शेड चढते. आपल्या गावातल्या स्लॅबच्या घरांवरचे पत्रे मोजा. प्रत्येक पत्रा सांगतोय की खालचं घर या पावसासाठी बांधलेलं नाही.

यात गरीब माणसाचा दोष किती? प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं केंद्राच्या निकषातलं अनुदान सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. सोलापूरकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे त्याच्या पाचपट. पण पाऊस किती, झड कुठून, यावर या आकड्यात एक रुपयाही ठरत नाही. त्या पैशात माणूस चार भिंती उभ्या करेल की वळचण काढेल? मग तो छज्जा गाळतो, डीपीसी गाळतो. हप्ता सोडताना काम कुठवर आलं त्याचा फोटो काढतात. पहिल्या पावसानंतर त्या घराची भिंत कशी आहे याचा फोटो कोण काढतो? कुणीच नाही.

आणि दोष शेवटी कुणाच्या माथी? घरच्या बाईच्या. "हिला घर नीट ठेवता येत नाही." भिंत पुसते ती. गादी उन्हात टाकते ती. कोरड्या फडक्याने बुरशी झाडते आणि तीच नाकात घेते ती. घरात सर्वात जास्त वेळ घालवते ती आणि आजारी पडते तीसुद्धा तीच. अहो, बुरशी हा घाणीचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. चकचकीत बंगल्यातही ओल असली की बुरशी येते. रोज पुसून ती जात नाही, कारण तिचं अन्न भिंतीतच आहे आणि पाणी मागून येतंय. तेव्हा बायकांना बोलणं आधी बंद करा.

आपल्याच जिल्ह्यातलं मोठं उदाहरण घ्या. २२ जुलै २०२१. चिपळूण. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, घरात माणूस बुडेल एवढं पाणी चढलं. पुढचे आठ-दहा दिवस सगळा महाराष्ट्र चिखल काढायला धावला, त्या हातांना आजही नमस्कार. मदत जाहीर झाली ती कपडे, भांडी, सामान गेलं त्याची. घराचं नुकसान धरायचं तर पडझड दिसावी लागते. निकषात पक्क्या घराचं निदान १५ टक्के नुकसान हवं. आता मला सांगा, जी भिंत उभी आहे, तडा नाही, पण छातीभर उंचीपर्यंत पाणी प्यायलीय आणि वर पावसाळ्याचे अजून दोन महिने बाकी आहेत, तिचं नुकसान किती टक्के? कागदावर शून्य. त्या शून्य टक्के घरांत लोकांनी लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन त्याच ओल्या भिंतींना लागून पथाऱ्या पसरल्या.

तिकडे अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं, तेव्हा आरोग्य खात्याची माणसं दोन महिन्यांच्या आत घराघरात गेली. ११२ घरं तपासली, ४६ टक्क्यांत डोळ्यांना दिसणारी बुरशी सापडली, आणि ते छापून लोकांना सांगितलं की स्वच्छता करताना काय घाला, काय टाकून द्या. तिथल्या सरकारचे बाकीचे घोळ जगाने पाहिलेत, त्यांचं कौतुक करत नाही. पण मोजलं तरी. चिपळूणच्या भिंती मोजायला कुणाला सांगितलं होतं? जे मोजलं जात नाही त्याला निधी नसतो, योजना नसते, औषध नसतं. जणू ते नाहीच.

इंग्लंडचं एक प्रकरण प्रत्येक घरमालकाने वाचावं. रॉचडेल नावाच्या गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. भाड्याच्या सरकारी धर्तीच्या घरात बुरशी होती. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. उत्तर मिळालं, रंग मारून घ्या. वर "तुमच्या राहणीमुळेच होतंय" असं ऐकवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्पष्ट नोंदवलं की मूल गेलं ते घरातल्या बुरशीमुळे. देश हादरला. कायदा झाला, त्या पोराच्या नावाने ओळखला जातो, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. आता तिथे सामाजिक गृहसंस्थेच्या भाडेकरूने गंभीर ओलीची तक्रार केली की दहा कामकाजी दिवसांत तपासणी आणि धोका सापडला तर पुढच्या पाच दिवसांत घर सुरक्षित करणं बंधनकारक आहे.

"रंग मारून घ्या." ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे गणपतीच्या आधी काय करतो आपण? पंचक्रोशीतले चाकरमानी मुंबईहून येतात, मे महिन्यापासून बंद असलेलं घर उघडतात, भिंती खरडतात, वर चुना नाहीतर डिस्टेंपर फासतात आणि त्याच रात्री पोरं त्या खोलीत झोपवतात. चौथ्या दिवशी पोरगं खोकतं. "गावचं पाणी बाधलं." पाणी नाही बाधलं हो, ती खोली बाधली.

आता आपल्याच लोकांना बोलतो, राग आला तर येऊ दे.

गणपतीपुळं पर्यटनावर चालतं. मी स्वतः घरगुती निवासाच्या तीन खोल्या चालवतो, म्हणजे बाहेरून दगड मारत नाहीये. मला आधीच दोघांनी सांगितलं, "असं काही लिहू नकोस, गिऱ्हाईक घाबरेल." अरे, गिऱ्हाईकाला नाक आहे! खोलीचं दार उघडल्या उघडल्या त्याला वास येतो. तुम्ही उदबत्ती लावा नाहीतर सुगंधी फवारा मारा, तो काय समजायचं ते समजतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. बोलून धंदा बुडत नाही, ओल ठेवून बुडतो.

आणि पाहुणा दोन रात्री राहून जातो. आपली कामाची माणसं कुठे झोपतात? लॉजच्या जिन्याखालच्या खोलीत, धुवायच्या चादरींच्या ढिगाशेजारी, पाण्याच्या टाकीखाली. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार, बोटीवरचा खलाशी, बांधकामावरचा कर्नाटकातून आलेला गवंडी, हे कुठल्या खोपटात पावसाळा काढतात ते आपण रोज बघतो. त्यातला कुणी खोकला की म्हणतो "दारू पितो". त्याला रेशनकार्ड नाही, ग्रामसभेत मत नाही. त्याच्या वतीने कोण बोलणार? गणपतीच्या गावात राहून आपण एवढंही बोलणार नसू तर रोज आरती करून काय उपयोग?

बरं, नुसतं भांडून घर कोरडं होत नाही. तेव्हा या महिन्यात करण्यासारखं सांगतो. यातलं निम्मं फुकट आहे.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा. ओल वरून उतरत असेल तर गळती, खालून चढत असेल तर जोतं, आणि पश्चिमेच्या भिंतीवर मधेच चट्टा असेल तर झड. तिन्हींचे उपाय वेगळे. गळतीवर आतून रंग मारणं म्हणजे जखमेवर सदरा घालणं. झडीला पश्चिमेकडून पत्र्याचा किंवा झापांचा आडोसा. जोत्याजवळची माती आणि झाडांच्या कुंड्या काढून पाणी उताराने लांब न्या.

कपाटं, पलंग भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. उशी कधीही पश्चिमेच्या भिंतीला नको. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपडे वाळवायला एकच खोली ठरवा, जिथे कुणी झोपत नाही.

असलेली बुरशी काढताना कोरडी झाडू नका, बीजकण घरभर उडतात. तीन फूट बाय तीन फूट एवढा डाग असेल तर घरच्या घरी चालेल: एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, साबणाचं पाणी, ओल्या फडक्याने घासायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. त्यापेक्षा मोठी भिंत असेल तर गिलावा काढायचा विचार करा. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दम्याच्या माणसाने, लहान पोराने त्या वेळी घरात थांबू नये. भिजून वास धरलेली कापसाची गादी टाकून द्या. जीव तुटतो, माहीत आहे. पण टाका.

आणि घरात कुणी दर पावसाळ्यात खोकत असेल, गाव सोडलं की बरं होत असेल आणि परत आलं की पुन्हा सुरू होत असेल, तर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा. "माझ्या झोपायच्या खोलीत ओल आहे." एवढं वाक्य. ते विचारणार नाहीत, तुम्ही सांगा.

आता ग्रामसभेत काय मागायचं. मी ठराव लिहून नेतोय, पण एकट्याच्या हाताने ठराव होत नाही.

एक. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात चूल कुठली, धुराचं काम करता का, असं फुप्फुसासाठी विचारलं जातं. चांगलं आहे. पण ओलीचा प्रश्न त्यात नाही. तो फॉर्म दिल्लीत ठरतो, तो आपण बदलू शकत नाही. पण आपल्या गावापुरतं वहीच्या कोपऱ्यात एक जादा प्रश्न लिहायला कुणाची बंदी आहे? "झोपायच्या खोलीत ओल किंवा बुरशी आहे का? कुणाला पावसात खोकला?" दोन रकाने. आशाताईंना या कामाचे वेगळे पैसे ग्रामपंचायतीने द्यावेत, फुकट राबवू नये.

दोन. ती यादी आरोग्य केंद्रात जावी. दमेकऱ्यांसाठी इन्हेलर पावसाळाभर शिल्लक असावा. थुंकी कोरी आणि खोकला चालू, अशा रुग्णाला बुरशीच्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीसाठी रत्नागिरीला पाठवायची पद्धत ठरावी. तिथे जिल्हा रुग्णालय आहे, आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ही तपासणी गरिबाला फुकट मिळावी ही मागणी वरपर्यंत जावी.

तीन. घरकुलाला आणि नव्या बांधकामाला सांगताना छज्जा, डीपीसी आणि पश्चिमेचा आडोसा याची सक्ती, आणि त्यासाठी कोकणाला जादा रक्कम. आमदार, खासदार मतं मागायला येतील तेव्हा हा प्रश्न पहिला.

चार. ज्यांच्याकडे कामगार राहतात त्यांनी कोरडी खोली द्यावी. ग्रामपंचायतीने जूनआधी एकदा फिरून बघावं. माझ्याकडूनच सुरुवात करा.

पाच, आणि हे सरकारची वाट न बघता. आपल्या वाडीत चार-पाच घरं अशी आहेत जिथे एकटी म्हातारी किंवा आजारी माणसं राहतात आणि कौल फुटलंय. नावं मी लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहेत. मे महिन्यात चाकरमानी पोरं गावात आहेत, क्रिकेटचे सामने लावतातच. दोन रविवार द्या. कौलं मी बघतो, पत्रा आणि मजुरीला वर्गणी काढू. ज्याच्याकडे जुनी पण धड कौलं पडून आहेत त्याने कळवा. गवंडीकाम येणाऱ्याने एक दिवस द्या.

ओल आपल्या नशिबात आहे असं म्हणणं सोपं आहे. पाऊस नशिबात आहे, ते मान्य. समुद्र दाराशी आहे, तेही मान्य. पण भिंतीत पाणी शिरू देणं आणि त्या भिंतीशेजारी माणूस झोपवणं हे कुठल्या देवाने लिहून ठेवलेलं नाही. ते आपण करतो, आणि मृगाच्या आधी बदलू शकतो.

तुमच्याही घरात कुणी दर पावसाळ्यात खोकत असेल तर खाली लिहा, नाव नको, फक्त गाव आणि किती वर्षं. ग्रामसभेत तोच आकडा वाचून दाखवीन. ही पोस्ट आपापल्या वाडीच्या ग्रुपवर टाका, मुंबईच्या मंडळाच्याही टाका, कारण बंद घरांच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत.

१ मे, सकाळी, ग्रामपंचायतीत भेटू. आणि येताना घरातल्या बायकांना घेऊन या. भिंत कुठे काळी पडते ते त्यांनाच माहीत असतं.